पिंपरीची कुपी, केसपेपरवरची लाल ओळ

10 मार्च 1954 रोजी हिंदुस्तान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही सरकारी कंपनी स्थापन झाली, तेव्हा पिंपरी हे पवनेकाठचं गाव होतं. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची छावणी तिथे वसली होती. मुंबई-पुणे रस्ता आणि लोहमार्ग जवळून जात होते. टेल्कोच्या शेडी, आकुर्डीची बजाज, एमआयडीसीच्या पाट्या यांतलं काहीही अजून आलेलं नव्हतं. आज मोटारींसाठी ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्यातल्या पहिल्या मोठ्या कारखान्यांपैकी एक कारखाना बुरशी वाढवण्यासाठी उभा राहिला.

1955 मध्ये तिथून पेनिसिलिन बाहेर पडू लागलं. त्याआधी हे औषध परदेशातून यायचं. इथल्या काही कंपन्या ते आणून बाटल्यांत भरायच्या. देशातच, सरकारी मालकीच्या कारखान्यात ते मुळापासून तयार व्हावं असा आग्रह धरणाऱ्यांत मेजर जनरल साहिबसिंग सोखी आघाडीवर होते. मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचं संचालकपद सांभाळून ते पुढे जागतिक आरोग्य संघटनेत गेले होते. पिंपरीच्या प्रकल्पाला या संघटनेने तज्ज्ञ आणि प्रशिक्षण पुरवलं, तर यंत्रसामग्रीसाठी युनिसेफने हात दिला. मुलांसाठी काम करणारी संस्था औषधाच्या कारखान्यात का उतरली, याचं उत्तर त्या काळच्या बालमृत्यूंत होतं. न्यूमोनिया, मेंदूज्वर, हाडात होणारा पू, जन्मजात उपदंश, घशाचे जंतुसंसर्ग या सगळ्यांवर पेनिसिलिन लागू पडत होतं आणि या सगळ्यांत लहान मुलं दगावत होती.

बुरशीला साखर आणि मक्याचा अर्क पाजायचा, हजारो लिटरच्या बंद टाक्यांत निर्जंतुक हवा बुडबुड्यांनी सोडत राहायची, तापमान राखायचं, मग द्रव गाळून त्यातून औषध वेगळं काढायचं आणि त्याचे स्फटिक करायचे. एखादा परका जंतू टाकीत शिरला तर सगळी टाकी वाया. हे काम पिंपरीने शिकून घेतलं. पुढे कारखान्याच्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधलं. ते तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवाला स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असं नाव मिळालं आणि गावाचं नाव सूक्ष्मजीवशास्त्रात कायमचं नोंदलं गेलं.

पेनिसिलिनने काय साधलं हे बघायचं तर पिंपरीहून पार पूर्वेला, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात जावं लागतं. आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात यॉज नावाचा रोग होता. आधी कातडीवर फोड आणि जखमा, उपचार झाले नाहीत तर पुढे हाडं वाकडी. रोग स्पर्शाने पसरायचा आणि बहुतेक करून पंधरा वर्षांच्या आतल्या मुलांना व्हायचा. त्यावर लांब काळ टिकणाऱ्या पेनिसिलिनचं एक इंजेक्शन पुरेसं असे. 1952 ते 1964 या काळात जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 46 देशांत मिळून सुमारे 5 कोटी लोकांना अशी इंजेक्शनं दिली. भारतात 1950 च्या दशकात सुरू झालेलं काम मधे मंदावलं, 1996 मध्ये पुन्हा उभं राहिलं. देशातला शेवटचा रुग्ण 2003 मध्ये सापडला आणि 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत यॉजमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं.

शहरी-निमशहरी दवाखान्यांत हेच औषध रोजच्या वापरात आलं. रबरी बूच, वर ॲल्युमिनियमचं टोपण, आत तळाशी पांढरी पूड. कंपाउंडर टोपणाचा मधला चकता उचकटायचा, सुईने बुचातून डिस्टिल्ड वॉटर आत सोडायचा आणि पूड विरघळेपर्यंत कुपी दोन्ही तळव्यांत घोळवायचा. काचेची सिरिंज आणि सुया स्टीलच्या भांड्यात उकळत असायच्या. मुलाला आई मांडीवर पालथं धरायची. इंजेक्शन झोंबायचं, आणि मूल दवाखाना डोक्यावर घ्यायचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप उतरलेला असायचा. एका पिढीचा डॉक्टरांवरचा विश्वास या अनुभवातून घडला.

आणि त्याच काळात, त्याच कुपीबद्दल दुसरी एक गोष्ट दवाखान्यांत कानोकानी पसरत होती. क्वचित एखाद्याला सुई काढता काढता दरदरून घाम फुटायचा. अंगावर गांधी उठायच्या, ओठ सुजायचे, धाप लागायची, नाडी हाताला लागेनाशी व्हायची. अमेरिकेत पेनिसिलिनच्या अशा प्रतिक्रियेने मृत्यू आल्याची नोंद 1949 मध्येच झाली होती. म्हणजे पिंपरीचा कारखाना उभा राहिला तेव्हा हे औषध काय करू शकतं, याची दोन्ही टोकं जगाला ठाऊक होती.

औषधाने मूल आजारी पडतं, हे वैद्यकाला त्याआधीही मुलांनीच शिकवलं होतं. व्हिएन्नातल्या बालरुग्णालयात क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक हे दोन डॉक्टर घटसर्प झालेल्या मुलांना घोड्याच्या रक्तापासून केलेलं प्रतिविषारी सीरम टोचत. काही दिवसांनी यांतल्या काही मुलांना ताप यायचा, अंगावर पुरळ उठायचं, सांधे सुजायचे. त्याच मुलाला पुन्हा सीरम टोचलं तर हा त्रास पहिल्यापेक्षा लवकर आणि जोरात व्हायचा. 1905 मध्ये दोघांनी यावर पुस्तक लिहिलं. सीरममध्ये विष नव्हतं. आदल्या वेळची ओळख ठेवून मुलाचं शरीरच उलटत होतं.

पेनिसिलिनचं तसंच. त्याच्या रेणूत चार अणूंचं एक ताणलेलं कडं असतं. हे कडं फुटून जंतूच्या भिंत बांधणाऱ्या प्रथिनाला चिकटतं, म्हणून जंतू मरतो. पण ते माणसाच्या रक्तातल्या प्रथिनांनाही चिकटू शकतं. ज्या गुणामुळे औषध काम करतं त्याच गुणामुळे काही शरीरं त्याला शत्रू समजतात. तातडीची, जिवावर बेतणारी प्रतिक्रिया आयजीई नावाच्या प्रतिपिंडामुळे येते, हे मात्र 1966-67 मध्ये कळलं. अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिख यांनी ते स्वतंत्रपणे शोधलं. अशा वेळी मांडीच्या स्नायूत ताबडतोब दिलेलं ॲड्रेनॅलिन जीव वाचवतं, बाकी सगळी औषधं त्यानंतर.

त्या काळच्या दवाखान्यात ॲलर्जीला वाट करून देणाऱ्या गोष्टी कमी नव्हत्या. उकळून पुन्हा वापरलेल्या सिरिंजमध्ये आधीच्या औषधाचा अंश राहू शकायचा. साध्या सर्दीतापाला पेनिसिलिन दिलं जायचं. सर्दी विषाणूंची, तिच्यावर हे औषध निरुपयोगी, पण शरीराची मात्र त्याच्याशी ओळख होऊन बसायची. पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन एकाच कुपीत असलेली इंजेक्शनं फार खपली. दोन औषधांची एकत्र कुपी म्हणजे एकाची गरज असताना दोघांचा धोका. पुढे केंद्र सरकारने या मिश्रणावर बंदी घातली.

स्ट्रेप्टोमायसिनची कथा पिंपरीतही घडली. अमेरिकेच्या मर्क कंपनीशी करार होऊन 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये त्याचं उत्पादन सुरू झालं. क्षयावरचं हे पहिलं खरं औषध. क्षयाच्या मेंदूज्वरात मूल हमखास जायचं, ते या औषधामुळे वाचू लागलं. पण त्याचा घाव आतल्या कानावर बसतो. कानातल्या सूक्ष्म केसपेशी मरतात, पुन्हा उगवत नाहीत. मोठा माणूस सांगतो, कानात गुंई आवाज येतोय, चालताना तोल जातोय. दीड वर्षाचं मूल काय सांगणार? ते नुकतं चालायला लागलेलं, अडखळतं, तर घरचे म्हणतात अशक्तपणा आहे. हाकेला ओ देत नाही, तर म्हणतात आजारपणाने हट्टी झालंय. क्षयातून उठलेलं मूल बोलायलाच शिकलं नाही म्हणजे मग कानाकडे लक्ष जायचं.

लहान मुलांतल्या औषधबाधेची खरी अडचण इथे आहे. मूल आपली तक्रार मांडू शकत नाही आणि त्याचं शरीर मोठ्या माणसाचं लहान रूप नसतं. 1959 मध्ये क्लोरॅम्फेनिकॉलने हे भयानक रीतीने दाखवलं. विषमज्वरावर हे औषध रामबाण ठरलेलं. नवजात बाळांना, त्यातही अपुऱ्या दिवसांच्या बाळांना, ते मोठ्यांच्या हिशेबाने दिल्यावर बाळं राखाडी पडून मरू लागली. नवजात यकृताला ते औषध निकामी करून बाहेर टाकण्याची ताकद अजून आलेली नसते, त्यामुळे ते रक्तात साचत जातं. टेट्रासायक्लिनने जीव घेतला नाही, पण खूण ठेवली. वाढत्या दातांतल्या कॅल्शियमला ते चिकटतं. आईच्या पोटात असताना किंवा आठ वर्षांच्या आत ज्यांना ते मिळालं, त्यांच्या दातांवर पिवळट-तपकिरी पट्टे उमटले. घासून ते जात नाहीत.

या सगळ्यांत भीती मात्र पेनिसिलिनच्याच वाट्याला सर्वांत जास्त आली. कानाची हानी महिन्यांनी कळते, दाताचा रंग वर्षांनी. पेनिसिलिनची रिॲक्शन डॉक्टरांच्या टेबलावर, आईच्या देखत येते. गल्लीतल्या दवाखान्यात ऑक्सिजन नाही, मदतीला माणूस नाही आणि बाहेर बाकावर दहा रुग्ण बसलेले. एका मुलाला झटका आला की गावात डॉक्टरांचं नाव कायमचं लागायचं.

यातून 'टेस्ट डोस'ची रीत घट्ट झाली. हाताच्या आतल्या बाजूला कातडीत थेंबभर औषध टोचायचं, भोवती बॉलपेनने गोल काढायचा आणि पंधरा-वीस मिनिटं बाकावर बसवून ठेवायचं. गोलाच्या बाहेर लाली-सूज गेली तर पेनिसिलिन रद्द. केसपेपरवर लाल शाईने ओळ पडायची: पेनिसिलिन चालत नाही. या चाचणीत दोन्ही बाजूंनी चूक होते. सुईच्या नुसत्या बोचण्याने किंवा औषधाच्या तीव्रतेने लाली येते आणि मूल नाहक ॲलर्जिक ठरतं. उलट, चाचणी कोरी येऊनही रिॲक्शन येऊ शकते. पाश्चात्त्य देशांत चाचणीसाठी पेनिसिलिनच्या विघटित अंशांपासून केलेले खास द्राव वापरतात. ते इथे सहजी मिळत नाहीत. बऱ्याच डॉक्टरांनी मग सोपा मार्ग धरला. पेनिसिलिनची इंजेक्शनं दवाखान्यातून हद्दपार केली आणि एरिथ्रोमायसिन, को-ट्रायमोक्सॅझोल, पुढे सेफॅलोस्पोरिन यांना जवळ केलं.

याची किंमत संधिवाताच्या तापाने ग्रासलेल्या मुलांनी मोजली. स्ट्रेप्टोकॉकस जंतूने घसा धरतो, बरा होतो, आणि दोनतीन आठवड्यांनी सांधे सुजतात. सांधे बरे होतात पण हृदयाच्या झडपा खराब होत राहतात. असं म्हणतात की हा रोग सांध्यांना चाटून जातो आणि हृदयाला चावतो. घशाचा प्रत्येक नवा संसर्ग झडपेवर नवा व्रण करतो, म्हणून या मुलांना दर तीन आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षं, द्यावं लागतं. औषध दाट असतं, सुई अडकते, टोचलेली जागा दिवसभर ठणकते. गाव-तालुक्यातलं मूल हे इंजेक्शन घ्यायला जातं, आणि स्थानिक डॉक्टर म्हणतात, पेनिसिलिन आम्ही देत नाही.

या भीतीचं माप 1991 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. अनेक देशांतल्या 1,790 रुग्णांना दिलेल्या 32,430 इंजेक्शनांचा हा अभ्यास होता. ॲलर्जीची प्रतिक्रिया आली 57 जणांना, त्यातही बहुतेकांना सौम्य. ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे तातडीची, जिवावर बेतणारी प्रतिक्रिया, चौघांना, मृत्यू एकाचा. दर दहा हजार इंजेक्शनांमागे एखादी गंभीर प्रतिक्रिया, असं हे प्रमाण पडतं. एक मृत्यू म्हणजे एका घराचं सर्वस्व, त्याला टक्केवारीने हलकं करता येत नाही. पण याच मुलांना इंजेक्शन न मिळता झडप निकामी होण्याचा धोका याहून कितीतरी मोठा होता.

2022 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने आणखी एक गोष्ट पुढे आणली. बेंझाथिन पेनिसिलिननंतर अचानक गेलेल्या रुग्णांपैकी अनेकांच्या झडपा आधीच फार खराब होत्या. मृत्यू ॲलर्जीने आला असं मानलं गेलं, पण वेदनेने आणि भीतीने रक्तदाब एकदम पडला व दुबळं हृदय ते सोसू शकलं नाही, ही शक्यता अधिक दिसत होती. अशा गंभीर रुग्णांना गोळीतून पेनिसिलिन द्यावं, बाकीच्यांना इंजेक्शनासाठी आडवं झोपवावं, पाणी पाजून घ्यावं, दुखणं कमी करावं, असा सल्ला निघाला. इतकी वर्षं ज्या मृत्यूंवर 'रिॲक्शन' असा शिक्का बसला, त्यांत नेमकं काय घडलं ते कुणी बारकाईने लिहून ठेवलेलं नव्हतं.

बारकाईने न लिहिण्याची हीच कथा सौम्य टोकालाही सापडते, आणि तिथे तर ती घरोघरी आहे. तीन वर्षांच्या मुलाला ताप येतो, घसा लाल असतो, ॲमॉक्सिसिलिनचं गोड सिरप सुरू होतं. पाचव्या-सहाव्या दिवशी छाती-पोटावर बारीक लाल पुरळ. मूल खेळतंय, श्वास नीट आहे, पण आई घाबरून फोन करते. औषध बंद होतं आणि फाइलवर ती लाल ओळ येते. पुरळ विषाणूचं होतं की औषधाचं, हे त्या क्षणी डॉक्टरांनाही ठरवता येत नाही, कारण लहानपणीचे कितीतरी विषाणू अंगावर असंच पुरळ आणतात. एप्स्टीन-बार विषाणूने आजारी पडलेल्यांना ॲम्पिसिलिन दिलं की अनेकांच्या अंगभर पुरळ उठतं, हे 1960 च्या दशकातच ध्यानात आलं होतं. ते पेनिसिलिनची कायमची ॲलर्जी दाखवत नाही.

मग अशा मुलांना खरोखर किती वेळा ॲलर्जी असते? मॉन्ट्रियलच्या बालरुग्णालयातल्या डॉक्टरांनी ॲमॉक्सिसिलिनने पुरळ आल्याचा इतिहास असलेल्या 818 मुलांना देखरेखीखाली तेच औषध पुन्हा दिलं. 2016 मध्ये निष्कर्ष छापले गेले. 94.1 टक्के मुलांना काहीही झालं नाही. 17 मुलांना लगेच आणि 31 मुलांना काही वेळाने प्रतिक्रिया आली, तीही सौम्य. शिवाय ज्यांना खरी ॲलर्जी असते, त्यांच्यातलीही ती वर्षांगणिक ओसरत जाते. दहा वर्षांत सुमारे 80 टक्के लोकांत ती उरत नाही. फाइलवरची ओळ मात्र ओसरत नाही. मूल शाळेतून कॉलेजात जातं, नोकरीला लागतं, आणि ऑपरेशनच्या आदल्या रात्री भूलतज्ज्ञांना सांगतं की लहानपणी पेनिसिलिन बाधलं होतं. काय झालं होतं, किती दिवसांनी, कोणतं औषध, यांतलं काही आठवत नाही.

रुग्णालयात अशा माणसाला जास्त व्यापक, जास्त महाग प्रतिजैविकं दिली जातात. कॅलिफोर्नियातल्या 50 हजारांहून अधिक दाखल रुग्णांच्या 2014 मधल्या अभ्यासात पेनिसिलिन ॲलर्जीचा शिक्का असलेल्यांना औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचे संसर्ग अधिक झाल्याचं आढळलं.

नोंद नीट ठेवली तर काय घडू शकतं, याचा दाखला ॲस्पिरिनने दिला. 1963 मध्ये सिडनीच्या बालरुग्णालयातले डग्लस राय यांनी मुलांच्या एका विचित्र आजाराचं वर्णन केलं. फ्लू किंवा कांजिण्यांतून बरं होत असताना मुलाला उलट्या, मग बेशुद्धी, यकृत निकामी. अमेरिकेत प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली जाऊ लागली आणि 1980 च्या सुमारास त्या नोंदींतून दिसलं की यांतल्या बहुतेक मुलांना तापात ॲस्पिरिन दिलेलं होतं. इशारे निघाले, 1986 मध्ये बाटल्यांवर सूचना छापणं सक्तीचं झालं. 1980 मध्ये 555 रुग्ण होते, 1987 पासून वर्षाला 36 च्या वर गेले नाहीत. घरोघरच्या तापावरच्या औषधाची जागा पॅरासिटामॉलने घेतली ती त्यामुळे. पॅरासिटामॉल सुरक्षित खरं, पण वजनाच्या हिशेबाने. एकाच नावाच्या ड्रॉप्स आणि सिरपमध्ये औषधाचं प्रमाण वेगळं असतं. सिरपच्या मापाने ड्रॉप्स दिले तर यकृतावर संकट येतं.

जगाला अशी शिस्त लावली ती थॅलिडोमाइडने. गरोदर स्त्रियांनी घेतलेल्या या झोपेच्या गोळीने हजारो मुलं अपुऱ्या हातापायांनी जन्मली. त्या धक्क्यातून 1968 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदीचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पिंपरीत त्या वेळी पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन दोन्ही तयार होत होती. ती घेऊन एखादं मूल लोणावळ्यात किंवा जुन्नरला आजारी पडलं, तर तसं कळवण्यासाठी देशात पत्ता नव्हता. 1986 मध्ये देशभरात 12 केंद्रांची योजना मांडली गेली, ती फारशी पुढे सरकली नाही. 1990 च्या दशकाअखेर भारत आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात सामील झाला, तेव्हा मोजक्या केंद्रांत मुंबईचं केईएम रुग्णालय होतं. परळच्या या रुग्णालयाच्या औषधशास्त्र विभागाने, डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने, हे काम महाराष्ट्रात रुजवलं. 2010 मध्ये आजचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि पुढच्या वर्षी तो गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे गेला. औषध बनवायची व्यवस्था देशाने 1954 मध्ये उभारली होती. त्या औषधाने मुलाचं काय झालं, हे लिहून घेण्याची टिकाऊ व्यवस्था उभी राहायला अर्धं शतक उलटून गेलं.

या दिरंगाईचा अर्थ महाराष्ट्राने दुसऱ्या, अधिक भीषण घटनांतही अनुभवला. 1986 च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले 14 रुग्ण मूत्रपिंडं निकामी होऊन गेले. ग्लिसरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे औद्योगिक विष मिसळलेलं होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध प्रशासनातली भ्रष्ट साखळी उघडी केली. 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं खोकल्याचं सिरप घेऊन मूत्रपिंडं बंद पडलेल्या अवस्थेत नागपूरच्या रुग्णालयांत आली. वीसहून अधिक मुलं गेली. त्या सिरपमध्ये तेच विष सापडलं, 48.6 टक्के. या घटनांना औषधबाधा म्हणणं म्हणजे गुन्ह्यावर पांघरूण घालणं होईल. पण बाटलीत विष आहे की मुलाच्या शरीराला औषध सोसवलं नाही, हे पहिल्या दोनतीन रुग्णांवरून ओळखायचं तर दोन्हींसाठी एकच गोष्ट लागते: त्याच दिवशी, औषधाच्या बॅच नंबरसकट केलेली नोंद. मुलांसाठी भारतात आलेले निर्बंध अशाच नोंदींच्या आणि तक्रारींच्या रेट्याने आले. 2011 मध्ये निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना बंद झालं. डिसेंबर 2023 मध्ये क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचं सर्दीवरचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं बाटलीवर छापण्याचा आदेश निघाला.

पिंपरीच्या कारखान्याची पुढची वाट अवघड होती. स्वस्त चिनी पेनिसिलिनपुढे भारतातलं उत्पादन टिकलं नाही. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स 1990 च्या दशकात आजारी उद्योग ठरला, कामगारांचे पगार थकू लागले, आणि 2016 मध्ये केंद्राने त्याची विक्री करायचं ठरवलं. ज्या देशाने 1955 मध्ये स्वतःचं पेनिसिलिन काढलं, तो त्याच्या कच्च्या मालासाठी परदेशावर अवलंबून राहिला. 2024 मध्ये काकीनाडात खासगी कारखान्यात पेनिसिलिन-जी पुन्हा तयार होऊ लागलं. पिंपरीच्या कारखान्यापासून संत तुकारामनगर जवळच आहे. तिथे महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, शेजारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. चाकण-भोसरीच्या कामगारांची मुलं ताप घेऊन याच भागातल्या ओपीडीत येतात, आणि रांगेत पुढे गेल्यावर त्यांच्या आयांना आजही विचारलं जातं, कुठल्या औषधाची ॲलर्जी?

या प्रश्नाला आईला नेमकं उत्तर देता यावं, यासाठी राष्ट्रीय कार्यक्रमाने रुग्णांच्या घरच्यांसाठीही नोंदीचा फॉर्म काढला आहे, तो मराठीत मिळतो. 1800-180-3024 या विनामूल्य क्रमांकावर फोन करूनही माहिती देता येते. नोंद ग्राह्य धरायला चार गोष्टी लागतात: रुग्णाची ओळख पटेल एवढा तपशील, काय त्रास झाला, कोणत्या औषधावर संशय आहे आणि कळवणारा कोण. त्यापुढे मुलाचं वजन, कितव्या डोसनंतर किती वेळाने त्रास सुरू झाला, औषध थांबवल्यावर तो किती दिवसांत गेला, कंपनी आणि बॅच नंबर. पुरळाचा मोबाइलवर काढलेला फोटो सोबत असला तर ॲलर्जीतज्ज्ञाला पाच वर्षांनीही त्यावरून बरंच सांगता येतं. गांधी होत्या की गोवरासारखे ठिपके, डोळे-ओठ सुजले होते का, तोंडात फोड होते का, यावर तेच औषध पुढे द्यायचं की नाही हे ठरतं. तोंडात, डोळ्यांत फोड आले असतील आणि कातडी सुटली असेल तर ते औषध त्या मुलाला पुन्हा कधीच द्यायचं नसतं, देखरेखीखालीसुद्धा नाही. नुसतं उशिरा आलेलं सौम्य पुरळ असेल, तर रुग्णालयात तज्ज्ञांसमोर ॲमॉक्सिसिलिन देऊन बघता येतं, आणि काही झालं नाही तर केसपेपरवरची लाल ओळ तारीख-सही करून खोडता येते.